पांढरी बाजू

११ फेब्रुवारी

"हलू नको. हललीस तर खुर्ची येईल, तू यायची न्हाईस."

नानांचं वाक्य. मी सात-आठ वर्षांची असेन, लातूरच्या स्टुडिओत, त्या उंच पाठीच्या खुर्चीवर. हलले नाही. फोटोत आले, पण डोळे असे की कुणी रागावून बसवलंय.

आज आठवायचं कारण विलासचं पार्सल. भाऊ लातूरचं दुकान रिकामं करतोय. नानांना जाऊन सहा वर्षं झाली, कुणीतरी कधीतरी करायलाच हवं होतं. एसटीतून आलं ते असं: नानांचा मोठा लाकडी कॅमेरा, तिवई, काळं कापड, तीन होल्डर (फिल्म भरायच्या चपट्या चौकटी), आणि रंगीत फिल्मचा एक डबा. चार बाय पाच इंचाच्या सुट्ट्या शीट. डब्यावरची तारीख उलटून वीस वर्षांच्या वर झाली. घरच्या फ्रिजच्या दारात होता म्हणे, इतकी वर्षं. वहिनीला वाटायचं नानांचं औषध आहे.

तीन होल्डरपैकी दोन रिकामे. तिसरा भरलेला. (काळ्या पिशवीत हात घालून चाचपला. दोन्ही बाजूंना एकेक शीट आहे.) झाकणांची पांढरी कड बाहेर. पुस्तकात असंच सांगितलंय: पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झाला. म्हणजे नानांनी भरून ठेवला आणि वापरायचा राहिला.

आईला म्हटलं, याच्यावर तुझा फोटो काढते. नानांच्या हातनं भरलेल्या फिल्मवर.

"मला कशाला. म्हातारीचा काय फोटो."

पण दुपारी आरशासमोर होती.

१६ फेब्रुवारी

करीमचाचांकडे जाऊन आले. नांदेडची पहिली कलर लॅब त्यांची. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. नाना लातूरहून रोल धुवायला त्यांच्याकडेच पाठवायचे.

डबा हातात घेऊन हलवला, वास घेतला.

"बेटा, ह्या फिल्मची मुदत संपली तेव्हा माझे सगळे दात तोंडात होते."

"येईल का काही?"

"येईल. दहा वर्षांला दुप्पट उजेड दे. म्हातारं माणूस हाय, त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागतंय."

रसायनाची पाकिटं मागवायची, ती पावडर पाण्यात कालवायची. पाणी अडतीस अंश, वर नाही, खाली नाही. मी विचारलं, सारखं अडतीस कसं ठेवू? चाचा हसले. "एप्रिलात कर ना. टाकीचं पाणी नळातनंच अडतीस येतंय. गॅस कशाला जाळतीस?"

एप्रिलपर्यंत धीर नाही.

डब्यात सहा शीट. आधी त्यांच्यावर शिकायचं, मग आई.

२३ फेब्रुवारी

गच्चीवर पहिल्या दोन शीट. रंग कळावेत म्हणून लाल बादली, निळं पिंप, हळदीचा पिवळा डबा ओळीने मांडले. काचेवर सगळं उलटं दिसतं, पिंप आकाशात लोंबतंय. काळ्या कापडाखाली घाम.

आई जिन्यातून: "घरातली भांडी उन्हात मांडून काय करायलीस? लोक बघायलेत."

एक शीट डब्यावर लिहिलंय त्या हिशेबाने, १६० वर. दुसरी २५ वर: आकडा लहान, उजेड जास्त. लेन्सची टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी घालायची. नाना ओठ न हलवता मोजायचे. मी अजून मोठ्याने मोजते.

२ मार्च

न्हाणीघर बंद, फटीला चादर, बाहेर आई राखणीला. (कुणीतरी दार उघडेल म्हणून. घरात आम्ही दोघीच.)

शीटच्या कोपऱ्याला खाचा असतात. अंधारात बोटाने बघायच्या, खाचा वरती उजवीकडे आल्या की फिल्मची खरी बाजू आपल्याकडे. मग पापडासारखी गुंडाळायची, केसांचे रबरबँड लावायचे आणि स्टीलच्या डब्यात उभी. डब्याचं झाकण लावलं की दिवा लावता येतो, रसायन झाकणाच्या तोंडातून ओतायचं. डेव्हलपरला, म्हणजे पहिल्या रसायनाला, सव्वातीन मिनिटं.

१६० वरची: काही नाही. हिरवट तपकिरी धूर आणि त्यात बादलीची कडी. फक्त कडी.

२५ वरची मी उलटी गुंडाळली. खरी बाजू बाहेर, रबरबँडचे दोन पट्टे उमटले. पण पट्ट्यांच्या मध्ये पिंप निळं! हळद मातकट आली, पण आली.

आईला दाखवलं. निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. "पिंपाचा फोटो काढायला इतकं?"

८ मार्च

तिसरी शीट. २५ वर, नीट गुंडाळून. चांगली आली. सावल्यांत हिरवट झाक राहते, ती राहणारच. चाचा म्हणाले, "हिरवं जातंय तिथं रंग आधी मरतो." वाक्य नीट कळलं नाही. लिहून ठेवते.

डब्यात तीन उरल्या. आता आई.

१५ मार्च

काढला.

खुर्ची गच्चीच्या दरवाज्यात, सावलीत. आईने गडद निळं लुगडं नेसलं, मी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. केस ओले करून विंचरले. लेन्सचं तोंड बत्तीसवर, एक सेकंद. नानांचा भरलेला होल्डर कॅमेऱ्यात सरकवला. झाकण ओढलं. ते शेवटचं त्यांनी बंद केलं होतं.

म्हटलं, "आई, हलू नको."

"तुझ्या बापासारखंच बोलायलीस," म्हणाली आणि हसली. टोपी तोवर काढलेली होती.

हलली. दिसलं मला. दुसरी बाजू ठेवलीय अजून, उद्या ही धुऊन बघते, बिघडली असेल तर त्याच्यावर परत.

१६ मार्च

हे काय आहे कळत नाही.

धुतली. वेळ, पाणी, सगळं बरोबर. बाहेर काढली तेव्हा वाटलं फिल्म सडलीय. मग वाळल्यावर मोबाईलवर पांढरा पडदा लावून वर धरली, दुसऱ्या मोबाईलने फोटो घेऊन रंग उलटे केले.

खुर्ची आलीय. स्वच्छ, पाठीची नक्षीसुद्धा. आईचा चेहरा पुसट, हलल्याचा. आणि आईच्या निळ्या लुगड्यात, गडद जागेत, बरोबर मांडीवर, एक दुसरा चेहरा. म्हातारी बाई. कपाळभर भस्म. डोळे मिटलेले. गळ्यात हार. हिरवट, पण रेघ न् रेघ दिसते. जरासुद्धा हललेली नाही.

दाराच्या अंधारात, कडेला, कुणाचातरी पदर.

आईला अजून दाखवलं नाही.

१७ मार्च

दाखवलं.

बराच वेळ बघत होती. चष्मा पुसला, परत बघितलं.

"ही शिवकांताची अव्वा हाय."

शिवकांताअक्का. लातूरच्या दुकानाशेजारचं घर, धान्याच्या गंजात आडत होती त्यांची. मी लहान असताना आई आणि अक्का दुपारी एकत्र शेवया करायच्या. मग कधीतरी येणं-जाणं थांबलं. मी तेव्हा लग्न होऊन नांदेडला आलेली, कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आईने आज सांगितलं. तुटक तुटक, भाजी निवडता निवडता.

अव्वा, म्हणजे अक्कांची आई, वारल्या. लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात, मग सगळं घर शेजारी उभं राहून फोटो. लातुरात असे फोटो नानांचेच. ज्यांना हलू नको म्हणावं लागत नाही असे. अव्वांचा जिवंतपणी फोटो नव्हता. मतदान कार्डावरचा तो काळा डाग, तेवढाच. म्हणून अक्कांनी निरोप दिला, छोटा कॅमेरा आणू नका, मोठा आणा, रंगीत काढा, एकच होणार आहे.

नानांनी मोठा नेला. दोन शीट काढल्या.

"आणि मग?"

"मग म्हनाले, फिल्म खराब निघाली."

"तू बघितलीस खराब?"

"मी कशाला बघू? म्हनाले खराब, मी खराब समजले. सांगायला मीच गेले शिवकांताकडं. ह्यांनी त्या दिवशी दुकानाच्या बाहेर पाऊल टाकलं न्हाई."

मेथीची काडी हातात तशीच.

"म्हंजे मी खोटं सांगून आले."

१९ मार्च

चाचांकडे. प्रिंट काढून घेतली, त्यांनी काहीच विचारलं नाही, मीच सांगितलं. पांढरी कड बाहेर होती म्हणून कोरी समजले, असं म्हटल्यावर ते हसायला लागले.

"तुझा बाप उलटा होता बेटा. दुनिया पांढऱ्याला कोरं म्हणते. तो म्हणायचा, काळं म्हणजे अजून रात्र, पांढरं म्हणजे उजाडून गेलं. किती वेळा सांगितलं मी त्याला, कुणी दुसऱ्यानं हातात घेतला तर? म्हणायचा, माझ्या होल्डरला दुसरा कोण हात लावतोय."

मग हसणं थांबलं त्यांचं.

ते म्हणतात, नाना होल्डर घेऊन आले होते त्यांच्याकडे. चाचांच्या मशीनवर रोल धुतले जायचे, सुट्ट्या शीट नाही. हैदराबादला जो धुवायचा त्याने बंद केलेलं. आणि डबा तेव्हाच मुदतीबाहेरचा होता. नानांनी आधी दोन शीट काढून बघितल्या होत्या, हिरव्या निघाल्या होत्या. तरी तोच डबा घेऊन गेले. दुसरा नव्हता.

"मी म्हटलं, घरी धू, मी रसायन देतो. म्हणाला, बिघडली तर? न धुतलेली हाय तोवर बिघडली न्हाई."

दुकानातून निघताना: "दुसरी बाजू हाय ना?"

आहे. झाकणावर काळी पट्टी लावून, पिशवीत बांधून, फ्रिजमध्ये. आईने दह्याच्या मागे सरकवलीय. दह्याचं भांडं काढताना आता दोन्ही हातांनी काढते.

२४ मार्च

विलासचा फोन. त्याचं म्हणणं साधं आहे.

"गुपचूप धू. चांगली निघाली तर अक्काला देऊन ये, पाया पड. खराब निघाली तर कुणाला काय कळतंय? इतकी वर्षं कळलं न्हाई."

"नानांनी हेच केलं ना रे."

"मग? बिघडलं काय त्यात?"

मग म्हणाला, दुकानाची किल्ली रविवारी द्यायचीय, येऊन जा, एकदा बघून घे.

चाचांना विचारलं होतं, थांबलं तर चालेल का? "चालतं. पण दर उन्हाळ्याला थोडं थोडं जातंय. फ्रिज काय जन्नत न्हाई."

२९ मार्च, लातूर

दुकान रिकामं. भिंतीवर पडदा म्हणून रंगवलेली बाग तेवढी राहिलीय, ती काढता येत नाही. विलासने किल्ली मालकाला दिली. मी शेजारी गेले.

अक्का सत्तरीच्या पुढे. ओसरीत पलंगावर. ओळखायला वेळ लागला नाही.

"सुनंदा का ग? लई दिसांनी. फोटोवाल्याची पोरगी."

चहा नको म्हटलं, तर "का, आमच्यात घेत न्हाईस?" घेतला. आई कशी आहे हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सुनेने पोहे आणले, तेही खाल्ले. पोहे संपल्यावर काहीच उरलं नाही करायला, म्हणून प्रिंट काढली पर्समधून.

सगळं सांगितलं आधी. नानांनी फिल्म धुतलीच नव्हती हे. मी चुकून आईला तिच्यावर काढलं हे. आईला माहीत नव्हतं हे. मग प्रिंट दिली.

त्यांनी ती उन्हाकडे धरली. अंगठा चेहऱ्यावरून नेला, एकदाच. मग कडेच्या पदरावर बोट.

"हे मी हाय. पदर असा शेवाळी न्हवता. मोरपंखी होता. अव्वानंच घेतलेला."

"रंग गेलाय अक्का. जुनी फिल्म..."

"आन तुझी आई मधी का बसली?"

एकाच शीटवर दोघी आल्या, म्हटलं.

"अव्वाला मांडीवर घेऊन बसलीय बघ," सुनेला दाखवलं त्यांनी. "जिवंतपणी पाणी पाजायला आली न्हाई, शेवटच्या आठ दिसांत. आन आता मांडीवर."

म्हटलं, दुसरी एक शीट आहे. न धुतलेली. तिच्यावर आई नाही, फक्त अव्वा आणि तुम्ही सगळे.

"असू दे."

"धुते मी. नीट शिकलेय आता. तुम्ही म्हणाल तर..."

"आन मग येशील, खराब झाली म्हनून सांगायला. एकदा तुझी आई आली, आता तू." प्रिंट परत दिली माझ्या हातात. "ह्या उंबऱ्यावर तेवढंच ऐकू येतंय तुमच्याकडनं."

सून दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, त्या अव्वांचं नाव काढलं की अशाच.

एसटीत प्रिंट मांडीवर उलटी धरून बसले.

२ एप्रिल

आईला सगळं सांगितलं. पाणी पाजायचं सुद्धा.

मग, "त्या आठ दिसांत विलासला टायफाइड होता. शिवकांताला म्हाईत होतं की." मग थोड्या वेळाने, "म्हाईत नसंल. मी सांगितलं का न्हाई, आता आठवंना."

माझा स्वतःवरचा राग नीट लिहायचा म्हणून बसले होते. लिहिण्यासारखा तो नाही. होल्डर कोरा वाटला, कारण कोरा हवा होता मला. नानांच्या हातचं काहीतरी न वापरलेलं, आईसाठी राखलेलं. होल्डर नुसता उघडून खात्री करता येत नव्हती, हेही खरं. पण चाचांना एक फोन करता आला असता.

डब्यातल्या तीन शीटवर सराव करून घेते. हात बसला पाहिजे. दुसऱ्या शीटला दुसरी संधी नाही.

५ एप्रिल

दोन वापरल्या. दोन्ही चांगल्या. एकीवर परत आई, तिने स्वतः मागितला. या वेळी हलली नाही. चांगला फोटो आहे. खुर्चीही आलीय, आईही.

तो बघून मला काहीच वाटलं नाही. म्हणजे, आनंद झाला. पण वाटलं, हा कधीही काढता आला असता.

टाकीचं पाणी नळातून घेऊन थर्मामीटर धरला. दुपारी बारा, अडतीस. एकला एकोणचाळीस. चाचांना कळवलं. "बघ, मी सांगितलं होतं ना."

७ एप्रिल

विलास म्हणतो धू. चाचा म्हणतात धू, लवकर. आईला विचारलं तर म्हणाली, "मला ईचारू नको. मी एकदा सांगायला गेले, आता मला काही सांगायचं न्हाई कुणाला." मग स्वयंपाकघरातून: "पन ती आली तर मी खोलीत बसंन. तिच्या पुढ्यात येनार न्हाई."

मी काही म्हटलंच नव्हतं तोवर, कुणी येण्याबद्दल. तिनेच ओळखलं.

अक्का माझा फोन उचलणार नाहीत. म्हणून पत्र. विलास उद्या सुनेच्या हातात देईल. अक्का नाही म्हणतील, उंबऱ्यावरूनच परत पाठवतील, हे मला माहीत आहे. तरी इथे उतरवून ठेवते, जसं लिहिलं तसं.

ती. अक्कांना शि. सा. न.

त्या दिवशी मी तुम्हाला धुऊ का म्हणून विचारलं, ते चुकीचं विचारलं. फोटो तुमच्या अव्वांचा आहे, तो मी माझ्या घरात बंद दाराआड धुवायचा आणि निकाल तुम्हाला येऊन सांगायचा, हे तुम्ही एकदा भोगलंय.

शीट होल्डरमध्ये आहे, उघडलेली नाही. त्यावर काय आहे ते नानांनीही बघितलं नव्हतं. ती धुतली तर अव्वा येतील, किंवा नुसता हिरवा धूर येईल. मी शिकले आहे, पण खात्री देत नाही. न धुता ठेवली तर दर उन्हाळ्याला थोडी थोडी जाईल, आणि ते आपल्याला कळणारही नाही.

म्हणून तुम्ही नांदेडला या. सूनबाईंना घेऊन या. न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची मांडते. फिल्म भरताना पाच मिनिटं अंधार असेल, तेव्हा माझ्याशेजारी आत बसा, माझे हात काय करतात ते ऐका. मग दिवा लावू. सव्वातीन मिनिटं मी डबा हलवीन, घड्याळ तुमच्या हातात. शेवटी झाकण काढलं की शीट तुम्ही बाहेर काढायची. मी आधी बघणार नाही. खराब असली तर ती तुमच्या डोळ्यांसमोर खराब झालेली असेल.

आई घरात आहे. ती तुमच्यासमोर येणार नाही म्हणते. तिला बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

सकाळच्या पहिल्या एसटीने निघालात तर अकरापर्यंत पोचाल. बाराच्या आत यायला हवं, अक्का. त्यानंतर टाकीचं पाणी जास्त तापतं.